आधी बर्क वाचावा की स्क्रूटन?

पाश्चात्त्य परंपरावाद मुळातून वाचायचा म्हटला की अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार-विचारवंत एडमंड बर्क आणि आपल्या काळातला इंग्लिश तत्त्वज्ञ रॉजर स्क्रूटन ही दोन नावे टळत नाहीत. मध्ये जवळपास दोनशे वर्षे, पण दोघांनाही हादरवले फ्रान्सनेच. बर्कसमोर १७८९ ची क्रांती होती. स्क्रूटनने मे १९६८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांची धुमश्चक्री पाहिली आणि आपण पलीकडच्या बाजूचे, हे त्याला कळले.

वाचायला स्क्रूटन सोपा. त्याचे २०१४ चे ‘हाउ टू बी अ कन्झर्व्हेटिव्ह’ घ्या. समाजवाद, उदारमतवाद, बहुसंस्कृतिवाद अशा एकेका वादात खरे काय आहे, हे तो आधी मान्य करतो आणि मग तो वाद कुठे घसरतो ते दाखवतो. आपल्याच घराचा, वारशाचा तिटकारा हे पश्चिमेचे दुखणे, असे त्याचे निदान. हा माणूस कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियात चोरून भरणाऱ्या वर्गांना शिकवायला जायचा. १९८५ मध्ये तिथून त्याला हाकलले. त्यामुळे बोलण्याला वजन आहे. मात्र आधुनिक इमारती आणि पॉप संगीत हे विषय निघाले की त्याची चिडचिड आवरत नाही.

बर्क जड. फ्रेंच क्रांतीवरचे १७९० चे पुस्तक म्हणजे एक लांबलचक पत्र, प्रकरणेच नाहीत. राणी मारी आंत्वानेतसाठी तो इतका गहिवरतो की क्रांतीचा समर्थक लेखक टॉमस पेनचा टोमणा पटतो : याला पिसांची हळहळ, मरणाऱ्या पाखराची नाही. पण शेवटी सत्ता एखाद्या लोकप्रिय सेनापतीकडे जाईल, हे त्याने नेपोलियनच्या नऊ वर्षे आधी लिहून ठेवले होते.

शिवाय बर्कची परंपरा स्वतःच्या अंगणापुरती नव्हती. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील (दूत) हणमंतराव इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे सोवळे सांभाळले जावे म्हणून त्याने बीकन्सफील्डच्या घरचे काचघर त्यांना दिले. पुढे बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जवरच्या महाभियोगात (खटला १७८८ ते १७९५, हेस्टिंग्ज सुटला) तो हेच मांडत राहिला, की देश बदलला म्हणून नीती बदलत नाही. स्क्रूटन ज्यांना ‘आपण’ म्हणतो, त्यांत परक्यांसाठी एवढी ऐसपैस जागा मला सापडली नाही.

एकच पुस्तक होणार असेल तर स्क्रूटन. वाद घालायला माणूस हवा असेल तर बर्क, आणि त्यातही हेस्टिंग्जविरुद्धची भाषणे आधी. दोन्ही नकोत? इंग्लिश तत्त्वज्ञ मायकेल ओकशॉटचा १९५६ चा ‘ऑन बीइंग कन्झर्व्हेटिव्ह’ हा निबंध एका बैठकीत होतो.