ओळखीचे गाणे दुसऱ्या शैलीत: गायलेले ऐकावे की वाजवलेले?

ओळखीचे गाणे अनोळखी शैलीत ऐकण्याची गोडी लागली की काही दिवसांतच आवडीच्या दोन वाटा फुटतात. एका वाटेवर गायक असतो: शब्द तेच, चालही बरीचशी तीच, पण भावगीताचा ब्लूज झालेला असतो किंवा अभंगाला ड्रम्सची साथ मिळालेली असते. दुसऱ्या वाटेवर शब्द बाजूला ठेवलेले असतात आणि गाणे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, गिटार किंवा पियानो यांच्या ताब्यात गेलेले असते. घरी बसून ऐकताना या दोहोंत निवड करण्याची गरज पडत नाही. तिकिटाचे पैसे मोजायचे असतील किंवा कार्यक्रम ठरवण्याची जबाबदारी अंगावर आली असेल, तर मात्र ती करावीच लागते. माझ्यावर ही जबाबदारी दादरमधल्या आमच्या सोसायटीच्या दिवाळी पहाटेमुळे आली. पहिल्या वर्षी मी गाणारा बँड ठरवला, दुसऱ्या वर्षी तीन वादक. दोन पहाटांच्या आणि बऱ्याच वर्षांच्या ऐकण्याच्या आधारावर जे वाटते ते येथे मांडतो आहे. हे मोजमाप नव्हे, एका श्रोत्याचे मत आहे.

गायलेल्या आवृत्तीची जी ताकद आहे ती वाद्याला कधीही मिळणार नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. गाणाऱ्याचे वय, त्याचे आयुष्य आणि ती स्त्री आहे की पुरुष, यांनी त्याच शब्दांचा अर्थ पालटतो. ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये ‘रिस्पेक्ट’ गायले तेव्हा ते घरी परतणाऱ्या पुरुषाचे मागणे होते. १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिन यांनी तेच गाणे गायले आणि ते मागणे स्त्रीचे झाले. ‘नाइन इंच नेल्स’ या बँडचे १९९४ मधले ‘हर्ट’ हे गाणे जॉनी कॅश यांनी २००२ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर, थकलेल्या आवाजात गायले, तेव्हा एका तरुणाची वेदना आयुष्याच्या अखेरीचा हिशेब होऊन बसली. हे शब्दांवाचून घडलेच नसते. शिवाय ज्याने मूळ गाणे ऐकलेलेच नाही, त्यालाही गायलेल्या आवृत्तीतून काहीतरी हाती लागते. ही बाजू लहान नाही, आणि पहिल्या वर्षी बँड ठरवताना मी तिलाच महत्त्व दिले होते.

बँडची मुले गुणी होती. त्यांचा सराव झालेला होता, सूर पक्के होते, आणि गिटारवादकाचा हात तर फारच सुरेख होता. ध्वनिक्षेपक सकाळी ६ पूर्वी लावता येत नसल्यामुळे कार्यक्रम बरोबर सहाला सुरू झाला, आणि पहिली दोन गाणी चांगली रंगली. तिसरे एक जुने भावगीत होते. मूळ चाल दादऱ्यात, म्हणजे तीन-तीनच्या सहा मात्रांत. बँडने ते चारच्या ठेक्यावर, रॉकच्या अंगाने बांधले होते. त्यातल्या एका ओळीत ‘पाऊस’ हा शब्द येतो. त्या शब्दातला ‘पा’ आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर पडला, मग ड्रम्सनी जागा भरली, आणि पुढच्या समेवर गायकाने ‘ऊस’ म्हटले. कवितेतला पाऊस तेथे राहिलाच नाही. पुढच्या कडव्यात ‘मन’ या शब्दातला ‘म’ ठेका गाठण्यासाठी इतका ओढला गेला की ‘मान’ ऐकू आले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. त्या ओठांतल्या ओठांत गाणे म्हणत होत्या. ‘पा’ आणि ‘ऊस’ यांच्या मधल्या त्या फटीत त्या थांबल्या, आणि पुढे संपूर्ण गाणेभर त्यांनी ओठ हलवले नाहीत.

मला खटकते ते हेच, आणि माझा निर्णयही याच गोष्टीने झाला. एकदा कानाला जाणवली की ही शब्दांची मोडतोड पुढे प्रत्येक आवृत्तीत दिसू लागते. गायकाचा यात फारसा दोष नसतो. दोष हिशेबाचा असतो. तीन मात्रांत सुखाने नांदणारे शब्द चारांत पसरायचे म्हणजे एक तर एखादे अक्षर ओढावे लागते किंवा मध्ये मोकळी जागा सोडावी लागते. आपली पुष्कळ भावगीते मात्रावृत्तांत लिहिलेली असतात, जेथे लघु अक्षराला एक आणि गुरू अक्षराला दोन मात्रा मिळतात. तेथे लघूला गुरूइतके ताणले की नुसता उच्चार बिघडत नाही, ओळीचा तोलच जातो. बँडने त्याच गाण्यासाठी वॉल्ट्झ, म्हणजे तीनच्या ठेक्याचा पाश्चात्त्य नृत्यप्रकार, घेतला असता, किंवा ज्याच्या प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे पडतात असा संथ ब्लूज घेतला असता, तर तो पाऊस बहुधा अखंड राहिला असता. पण इतका विचार करून शैली निवडणारे गट मला कमी आढळले. बहुतेकांची शैली आधी ठरते आणि गाणे नंतर तिच्यात बसवले जाते.

अभंगाचे मात्र वेगळे आहे, आणि ते समजल्यावर मला माझ्याच आवडीनिवडीचा उलगडा झाला. अभंग अक्षरांच्या संख्येवर चालतो. मोठ्या अभंगाच्या कडव्यातल्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ आणि चौथ्यात ४ अक्षरे असतात. कोणते अक्षर किती लांबवायचे याची मोकळीक छंदानेच दिलेली असते. त्यामुळे तो भजनी ठेक्यात बसतो, ख्यालगायकाच्या आवाजात विस्तारतो आणि बास गिटारवरही उभा राहतो. मुंबईतला ‘अभंग रीपोस्ट’ हा बँड गिटार आणि ड्रम्स घेऊन अभंग गातो, तेव्हा शब्दांना धक्का लागल्यासारखे मला वाटत नाही. गायलेल्या आवृत्त्यांपैकी आवर्जून शिफारस करावी अशी ही एक जात आहे.

आपल्या जुन्या जाणत्यांनी ही अडचण कशी सोडवली तेही पाहण्यासारखे आहे. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’ (१९११) या नाटकासाठी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली दिल्या, भास्करबुवा बखले यांनी ‘स्वयंवर’ (१९१६) साठी रागदारी बंदिशी रंगभूमीवर आणल्या, आणि दोन्ही नाटकांत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी पदे लिहिली. चाल एका घरातून दुसऱ्या घरी आली तेव्हा तिच्या मापाचे नवे शब्द तिला मिळाले. आज शैली बदलणारे लोक जुने शब्द तसेच ठेवतात आणि ठेका बदलतात. कवितेवर प्रेम म्हणूनच ते तसे करतात, पण त्यात भरडली जाते ती कविताच.

आता वाजवलेल्या आवृत्तीकडे वळतो. माझ्या पिढीला तिची ओळख रेडिओने करून दिली. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली दोन-तीन मिनिटे एखाद्या चित्रपटगीताच्या धुनेने भरली जात, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी ते गाणे ओळखून पुढे म्हणू लागे. व्हॅन शिपले यांची गिटार, इनॉक डॅनियल्स यांचे पियानो अकॉर्डियन, मास्टर इब्राहिम यांचे क्लॅरिनेट, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन: या मंडळींनी चित्रपटगीतांना स्वतंत्र वाद्यसंगीताचा दर्जा मिळवून दिला. त्यात शब्द नसत, तरी ते ऐकू येत, कारण म्हणणारे आपण असू आणि ते कोठे तोडायचे हे आपल्याला ठाऊक असे.

दुसऱ्या वर्षी आम्ही हवाईयन गिटार, डबल बास आणि तबला असे तिघेच बोलावले. वाजवण्याची धाटणी जॅझची होती; बासवादक चालता ठेका, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक सूर, धरत होता आणि गिटारवादक अंतऱ्यानंतर चालीपासून बराच दूर जाऊन परत येत होता. चौथे गाणे योगायोगाने तेच भावगीत निघाले. गिटारवादकाने पोलादी दांडी तारेवरून हळूच सरकवत ‘पाऊस’ ही जागा एकाच मिंडेत घेतली, आणि माझ्या मागच्या रांगेतून शब्द ऐकू येऊ लागले. आधी एक आवाज, मग चार-पाच. मागच्या वर्षी गप्प झालेल्या आजी दुसरा अंतरा संपूर्ण म्हणत होत्या, आणि गिटार चालीपासून दूर गेली की थांबून, ती परतली की पुन्हा धरत होत्या. ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका कमी ठेवता आला होता की हे सारे ऐकू येत होते. तबल्यावर बोटे फिरत होती त्याच लयीत त्यांचे बोट खुर्चीच्या हातावर पडत होते.

वाद्यावर शैली बदलताना ठेक्याची मुभाही अधिक मिळते. जॉन कोल्ट्रेन यांनी १९५९ च्या एका संगीतिकेतले ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणे सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतले आणि १९६१ च्या त्याच नावाच्या अल्बममध्ये ते जवळजवळ १४ मिनिटांपर्यंत नेले. त्यांनी तीनचे वजन सोडले नाही, पण मधली भर अशी घातली की आपल्या आलापीची आठवण व्हावी. कोणत्याही गायकाला तेवढ्याशा शब्दांवर इतका वेळ काढणे अवघड गेले असते.

उणिवा येथेही आहेत. पियानो, अकॉर्डियन आणि पेटी यांचे सूर पट्ट्यांत बांधलेले असतात. दोन सुरांच्या मधली जागा त्यांच्यावर नसते, त्यामुळे ज्या गाण्याचा जीव मिंडेत किंवा आंदोलनात आहे ते या वाद्यांवर सपाट होते. अशी गाणी हवाईयन गिटार, व्हायोलिन किंवा बासरीवरच शोधावीत. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मूळ गाणे ठाऊक नसणाऱ्याला वाद्यावरची धून म्हणजे उपाहारगृहात मागे वाजणारे संगीत वाटू शकते. आमच्या सोसायटीतली कॉलेजची मुले दुसऱ्या वर्षी फराळाच्या टेबलाकडे लवकर वळली, हे मी लपवत नाही. पहिल्या वर्षी तीच मुले शेवटपर्यंत उभी होती.

त्यामुळे श्रोते तरुण असतील, गाणी त्यांच्या कानावरून गेलेली नसतील, किंवा कार्यक्रम अभंगांचा असेल, तर गाणारा गट घ्यावा. मात्र ठरवण्यापूर्वी त्यांचे एक संथ भावगीत अंतऱ्यासकट ऐकून घ्यावे. ड्रम्सच्या ठोक्यावर लक्ष न देता शब्द कोठे तुटतात तेवढेच पाहावे. श्रोत्यांना गाणी पाठ असतील, तर वादकांना बोलावण्याचा विचार जरूर करावा. घरी एकट्याने ऐकणाऱ्यालाही मी भीतभीत हेच सुचवीन की आधी मूळ गाणे दोनदा ऐकावे आणि मग वाद्यावरची आवृत्ती लावावी.

यंदाच्या पहाटेसाठी त्याच गिटारवादकाशी बोलणे झाले आहे. मुलांच्या आग्रहामुळे शेवटची २० मिनिटे अभंगांसाठी राखली आहेत आणि त्यांना गायकही मिळाला आहे. आजींनी त्यांच्या गाण्यांची यादी वहीच्या कागदावर लिहून माझ्याकडे दिली आहे. ते भावगीत तिच्यात पहिलेच आहे.