चर्चच्या आवारातला मध-हिरड्याचा स्टॉल
रविवारी कॅम्पात एका चर्चच्या आवारात आदिवासी मालाचा स्टॉल होता, ताईने ओढतच नेलं. आंबेगावकडच्या महादेव कोळी बायकांनी गोळा केलेला बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, वाळवलेली फळं), मध, शिवाय नाचणी. मध एक नंबर, वर मेणाचा बारीक चुरा तरंगणारा, पण भाव चढाच वाटला. स्टॉलवरच्या मावशी नुसतं विकत नाहीत, अवेळी पाऊस आला की वाळत घातलेल्या हिरड्याला बुरशी कशी धरते ते हातावर ठेवून दाखवतात, आणि जंगलातला असा माल गोळा करून विकायचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यातच आहे हेही सांगतात. दुसऱ्यांच्या जमिनी बळकावायला आधार देणारा जुना सिद्धांत व्हॅटिकनने २०२३ मध्ये नाकारला त्याचं पोस्टर होतं, पण इंग्रजीत, मराठीत लावा की राव! आणि जीपे चालेना, सुट्टे न्या.