करवंदाचं सिरप की जांभळाचं?

कोल्हापूरच्या बाजारात एप्रिल-मे महिन्यांत पन्हाळा, शाहूवाडीकडची करवंदं येतात आणि पावसाच्या तोंडावर जांभळं. घरी एकाच फळाचं सिरप करायचं असेल, तर मी करवंदच निवडेन. जांभूळ खायला कितीही आवडत असलं तरी.

करवंदात आंबटपणा भरपूर असतो, त्यामुळे लिंबू किंवा सायट्रिक अ‍ॅसिड घालावं लागत नाही. पूर्ण काळी झालेली फळं घ्या, त्यात मूठभर लालसर चालतील. कच्च्या फळांचा चीक मात्र हातांना, भांड्याला चिकटतो आणि चवीतही उतरतो. मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा. मग फळं जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात, फुटेपर्यंत शिजवा आणि सुती कापडातून आपसूक गळू द्या. कापड पिळलं की रस गढूळ होतो. करवंदात पेक्टिनही बरंच असतं, म्हणून साखर घातल्यावर खळखळ उकळत बसू नका, नाहीतर बाटलीत सिरपऐवजी जेली होते. साखर विरघळून एक वाफ आली की गॅस बंद.

जांभळाचा रंग बघून कुणालाही मोह होईल. पण गर कमी, बी मोठी. बियांसकट शिजवलं तर तुरटपणा वाढतो, त्यामुळे गर हातानं सोडवावा लागतो. आंबटपणा बेताचा, म्हणून वरून लिंबू हवंच. झाडावरून उतरवलेली जांभळं एक-दोन दिवसांत मऊ पडून आंबू लागतात, म्हणजे आणली त्याच दिवशी कामाला बसायचं. एवढा वेळ हाताशी असेल तर जरूर करा, थंड पाण्यात त्याची चव वेगळीच लागते. मधुमेहाला चांगलं म्हणून मात्र करू नका. भरपूर साखर घातलेलं सिरप हे औषध नव्हे, मग फळ कुठलंही असो.

साखरेचं प्रमाण दोन्हींना सारखंच. बाहेर टिकवायचं तर एक किलो रसाला दीड किलो साखर, म्हणजे तयार सिरपमध्ये घातलेली साखर साधारण ६० टक्के होते. फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवायचं असेल तर समसमान पुरे. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या. आपल्याकडचा गूळ नावाजलेला, तरी इथे साखरच बरी. गुळाची स्वतःची चव ठळक, शिवाय रंगही काळवंडतो. करवंदाला एखाद्या वेळी गूळ शोभेल, जांभळाला नाही.

रानात स्वतः तोडायला जाणार असाल तर राधानगरी-दाजीपूर अभयारण्याची हद्द सोडून, आणि खासगी रान असेल तर मालकाला विचारून. ओळख पक्की नसेल तर जाणत्याला सोबत न्या. घाणेरीलाही काळी फळं येतात आणि करवंदाच्या जाळीशेजारीच ती वाढलेली असते. तिची कच्ची फळं विषारी असतात, मुलं बरोबर असली तर जास्त लक्ष ठेवा. झुडूप ओरबाडू नका, ही फळं अस्वलं आणि पाखरंही खातात. जमत नसेल तर बाजारातल्या मावशींकडूनच घ्या. सकाळी लवकर गेलात तर निवडून घेता येतात.