मेरठचं युफोनियम घेताना : तीन पिस्टन की चार?

निपाणी-बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या वरातीत दिसणारं युफोनियम, म्हणजे फुंकून वाजवायचं जाड आवाजाचं पितळी वाद्य, बहुधा मेरठच्या जली कोठी या वाद्यं बनवणाऱ्या वस्तीतलं असतं. विलायती वाद्यापेक्षा कितीतरी स्वस्त. आवाज रस्ताभर पोचतो, आणि पोचा पडला तर गावातला भांडी दुरुस्त करणाराही तो जमेल तसा काढतो. वरातीपुरतं चोख वाद्य. तक्रार सुराची आहे, तीही तीन पिस्टनवाल्याची.

पिस्टन म्हणजे दाबायची कळ : ती दाबली की हवा जादा नळीतून फिरते आणि सूर खाली येतो. हिशेब असा. नळी सुमारे २७५ सेंटीमीटर, मोकळा सूर काळी पाच. पहिल्या पिस्टनने नळीत साधारण ३४ सेंटीमीटरची भर पडते, तिसऱ्याने ५२ ची. दोन्ही मिळून ८६. पण या जोडीने सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली यायला हवा, त्याला ९२ लागतात, म्हणून तो चढा लागतो. तिन्ही दाबले की तूट जवळजवळ १२ सेंटीमीटरची : सा ते कोमल रे या अंतराच्या निम्म्याहून जास्त चढा. क्लॅरिनेट आणि ताशाच्या गदारोळात खपून जातं, कीबोर्ड सोबत आला की उघडं पडतं. कारागिराला दोष देऊ नका, कुठल्याही देशाच्या साध्या तीन पिस्टनला हे चुकत नाही. तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी, थोडी ओढून ठेवा आणि एकट्या तिसऱ्याऐवजी पहिला-दुसरा दाबा, बरंच निभावतं.

चौथा पिस्टन असेल तर पहिला-तिसरा या जोडीऐवजी एकटा चौथा, तिन्हींऐवजी दुसरा-चौथा. थोडा चढेपणा उरतो, तो ओठाने सावरतो. जास्तीचे पैसे इथेच घालावेत, निकेलच्या चकाकीवर नव्हे. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षेच्या वरच्या ग्रेड किंवा परदेशी विद्यापीठात लो ब्रासचा (खालच्या सुरांच्या पितळी वाद्यांचा) अभ्यास डोक्यात असेल, तर मात्र मेरठ सोडा. तिथले प्राध्यापक कॉम्पेन्सेटिंग युफोनियमच धरून चालतात. बूझी कंपनीच्या ब्लेकलीने १८७४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना : चौथा दाबला की हवा बाकीच्या पिस्टनमधून दुसऱ्यांदा फिरते आणि छोट्या जादा नळ्या तूट भरून काढतात.

दुकानात पैसे देण्याआधी एक करा. पिस्टन न दाबता त्याची स्लाइड दोन-तीन सेंटीमीटर बाहेर ओढा, दोन सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा. ‘टप्प’ असा खणखणीत आवाज आला तर पिस्टन हवाबंद. आवाज नाही, तर हवा गळते. नव्या वाद्यातही चारातला एखादा नापास निघतो, तेव्हा प्रत्येक तपासा. मग ब्रेसच्या, म्हणजे नळ्यांना धरणाऱ्या छोट्या दांड्यांच्या, जोडांवरचा डाख बघा, वरातीच्या हेलकाव्यात आधी तोच सुटतो. जुनं विलायती वाद्य हौसेने घेत असाल तर ट्यूनर लावा. जुन्या हाय पिचचं, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपास लागणारं निघालं तर मुख्य स्लाइड ओढून मोकळा सूर जुळेल, पिस्टनचे सूर विस्कटतील.

तेल पिस्टनचं, म्हणजे व्हॉल्व्ह ऑइलच, प्रत्येकाला दोन-तीन थेंब. खोबरेल नको, बेळगावच्या थंडीत ते पहाटेच थिजतं आणि पिस्टन अर्ध्यावर अडकतो. पिस्टनवर नंबर कोरलेले असतात. अदलाबदल झाली की फुंकर आतच अडते आणि वाद्य बिघडलं म्हणून दुकान गाठलं जातं. ओठ लावायचा माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, लीडपाइप, म्हणजे तो बसतो ती नळी, पिळवटतो. पुलर, म्हणजे माउथपीस ओढून काढायचं अवजार, असलेला कारागीर शोधा.