इंजिनाच्या ड्रॉइंगचे प्रमाण बदलण्यासाठी प्रपोर्शनल डिव्हायडर : वर्षभराच्या वापरानंतर

वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती तयार संचातून न जुळवता पितळी पत्रा कापून मुळापासून घडवायची ठरवली, की पहिली अडचण ड्रॉइंगची येते, कारण हवे ते ड्रॉइंग हव्या त्या प्रमाणात क्वचितच मिळते. १९२३ साली बांधलेल्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश रेल्वे इंजिनाचे माझ्याजवळचे ड्रॉइंग फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणातले आहे आणि प्रतिकृती मात्र फुटाला ७ मिलिमीटर या प्रमाणात करायची आहे; म्हणजे प्रत्येक माप १.७५ पट व्हायला हवे. त्यासाठी घेतलेला २० सेंटिमीटर लांबीचा प्रपोर्शनल डिव्हायडर मी वर्षभर वापरतो आहे.

कंपासपेटीतल्या कर्कटकाला एकाच बाजूला टोके असतात. याला ती दोन्ही बाजूंना आहेत आणि मधली खीळ सरकवता येते. आखूड बाजूने ड्रॉइंगवरचे अंतर उचलायचे, डिव्हायडर उलटा करून लांब बाजूची टोके पत्र्यावर टेकवायची, की तेच अंतर ठरवलेल्या पटीत उमटते. दांड्यावर पटींच्या खुणा कोरलेल्या आहेत, पण त्यांत १.७५ नाही. म्हणून जाड कार्डावर ४० आणि ७० मिलिमीटरच्या दोन रेघा आखून, दोन्ही बाजूंची टोके त्यांवर नेमकी बसेपर्यंत मी खीळ हलवत राहतो.

या साधनाचा खरा गुण मला उशिरा कळला. ड्रॉइंगची छायाप्रत मूळ आकाराशी तंतोतंत जुळतेच असे नाही आणि कागदही दमट हवेत थोडा ताणला जातो. माझ्या प्रतीवरची २० फुटांची मापरेषा ८० मिलिमीटर भरायला हवी होती, ती आडवी ७९.२ भरली, उभ्या दिशेला मात्र माप बरोबर होते. सरसकट १७५ टक्के मोठी प्रत काढली असती, तर ही चूक तशीच पत्र्यावर उतरली असती. डिव्हायडर मात्र त्या ७९.२ मिलिमीटरचे १४० होतील असा लावता येतो, आणि मग कागदाचा दोष आपोआप वजा होतो. आडव्या मापांसाठी एक मांडणी आणि उभ्या मापांसाठी दुसरी, एवढी शिस्त तेवढी पाळावी लागते.

इथेच या नगाची उणीवही उघडी पडते. वरच्या दोन मांडण्यांत खिळीच्या जागेचा फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर आहे, आणि माझ्या डिव्हायडरचा स्क्रू आवळताना खीळ नेमकी तेवढीच सरकते. अर्धा मिलिमीटर म्हणजे मापात सुमारे एक टक्क्याची चूक! दातेरी पट्टी आणि फिरवायची कळ असलेले डिव्हायडर मिळतात. त्यांत खीळ हळूहळू सरकवून जागच्या जागी पक्की करता येते. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी तसाच घेईन, मग तो महाग का असेना.

ज्या मापांचे आकडे ड्रॉइंगवर लिहिलेले आहेत, ती याने मुळीच उचलू नयेत. या इंजिनाची मोठी चाके ६ फूट ८ इंच व्यासाची आहेत आणि त्यांच्या आसांमधले अंतर ७ फूट ३ इंच आहे. सातने गुणले की ४६.६७ आणि ५०.७५ मिलिमीटर हाती येतात. शेजारच्या दोन चाकांत जेमतेम ४ मिलिमीटर जागा उरते आणि तीत चाकांच्या बाहेर आलेल्या कडाही मावायच्या असतात. शिवाय चाके एकमेकांना जोडणाऱ्या सांध्याच्या दांड्यांची छिद्रे आणि आसांची छिद्रे यांत थोडाही फरक पडला, तर चाके अडकून बसतात. तिथे गणितच हवे.

धुराड्याचा बुंधा, बॉयलरवरच्या घुमटाचा उतार, चालकाच्या कॅबच्या खिडकीचा कोपरा यांचे आकडे मात्र कोणी लिहून ठेवत नाही, आणि इंजिनाचा चेहरा तर त्यांनीच ठरतो. धुराड्याची वळणरेषा उतरवताना मी मधल्या रेषेपासून दर दोन मिलिमीटरवर एकेक अंतर उचलले आणि कार्डावर ठिपके जोडून साचा कापला. तो छायाचित्राशेजारी धरल्यावर समाधान वाटले.

घेताना टोके भिंगाखाली पाहावीत. बोथट झालेली टोके घासून धार केली, की बाजूंची लांबी बदलते आणि कोरलेल्या खुणा निरुपयोगी ठरतात. त्यानंतर प्रत्येक पट रेघा आखूनच लावावी लागते.