पॅलेडियमची खाण: फॉरवर्ड विक्री की पुट ऑप्शन?

मार्च 2022 मध्ये युक्रेन युद्धाच्या धास्तीने पॅलेडियम हा मौल्यवान धातू औंसाला 3,000 डॉलरच्या वर गेला. दोन वर्षांत तो 1,000 च्या आसपास आला. अशा धातूच्या खाणीत पैसे घालण्याआधी भावाचं संरक्षण कसं केलंय ते बघाच.

फॉरवर्ड विक्रीत, म्हणजे पुढे द्यायचा माल आधीच विकताना, भाव आजच बांधला जातो, प्रीमियमही (आगाऊ शुल्क) नाही. पण माल द्यावाच लागतो. जून 2022 मध्ये अमेरिकेत मोंटानातल्या स्टिलवॉटर या पॅलेडियमच्या खाणीकडे जाणारा रस्ता पुराने वाहून गेला, काम कित्येक आठवडे थांबलं. अशा वेळी भाव चढलेला असला तर बांधलेला माल बाजारातून घेऊन द्यायचा म्हणजे दुहेरी मार.

पुट ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला विकायचा हक्क, सक्ती नाही. त्याला प्रीमियम लागतो, भाव जोरात वरखाली होत असताना तर भरमसाट. तरी मी पुटकडेच झुकतो: तळ पक्का, वरची वाट मोकळी, आणि खाण बंद पडली तरी गेला तर प्रीमियमच.