आठ महिने मॉंगो आणि कॅसँड्रासोबत

दहा वर्षं एसक्यूएलवरच, म्हणजे टेबलांतल्या डेटाला प्रश्न विचारायच्या भाषेवरच, पोट भरलं. गेल्या वर्षी आमच्या अंधेरीच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात ट्रकांच्या जीपीएसचा डेटा मायएसक्यूएल या टेबलांच्या डेटाबेसला झेपेना आणि नो-एसक्यूएल, म्हणजे एसक्यूएलच्या चौकटीबाहेरचे डेटाबेस, शिकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अभ्यास बहुतेक डोंबिवली ते दादर, चौथ्या सीटवर अर्धं टेकून, मोबाइलवर झाला.

सुरुवात मॉंगोडीबीने, म्हणजे मॉंगोने. पहिले दोन आठवडे मजेत गेले. अ‍ॅटलासवर (मॉंगोच्याच क्लाउड सेवेवर) ५१२ एमबीचं क्लस्टर, म्हणजे सर्व्हरांचा गट, फुकट मिळतं, आधी टेबल आखायची कटकट नाही, येईल ते आत ढकला. हीच सवय नडली. मी एका ट्रकचं एक डॉक्युमेंट (मॉंगोतला माहितीचा एक गठ्ठा) केलं आणि येणारी प्रत्येक नोंद त्यातल्याच अ‍ॅरेत (यादीत) ढकलत गेलो. दर दहा सेकंदांनी एक, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी. एकेक साधारण १०० बाइटची. एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा असते हे वाचलं होतं, गुणाकार तेवढा केला नव्हता. विसाव्या दिवशी पहाटे अपडेट फेटाळले जायला लागले. साहेबांचा फोन, "अहो, गाडी नाशिकला पोचली, तुमच्या नकाशात अजून भिवंडीच्या गोदामातच?" मग एका ट्रकच्या एका तासाचं एक डॉक्युमेंट केलं, ३६० नोंदींचं. तेव्हापासून शांतता आहे.

चौथ्या महिन्यात कॅसँड्रा हा दुसरा नो-एसक्यूएल डेटाबेस हातात घेतला. इथे सगळी उलटी गंगा: आधी प्रश्न ठरवायचे, मग टेबल. 'ट्रक आणि तारीख' ही पार्टिशन की (कुठला डेटा एकत्र ठेवायचा ते ठरवणारी किल्ली) ठेवली की एका ट्रकचा एक दिवस झटक्यात मिळतो. ड्रायव्हरप्रमाणे हवा असेल तर तोच डेटा दुसऱ्या टेबलात पुन्हा लिहा, कारण जॉइन, म्हणजे टेबलं जोडून वाचणं, नाहीच. टेबलांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडच्या १९७० च्या पेपरपासून चालत आलेले, डेटा एकदाच लिहायचे संस्कार घेऊन बसलेल्या माणसाला हे पापच वाटतं. मला दोन महिने वाटलं. त्यात कॅसँड्राची भाषा सीक्यूएल दिसते एसक्यूएलसारखी, तिथेच फसायला होतं. 'व्हेअर' (शोधायची अट) चुकला की 'अलाउ फिल्टरिंग' वापरा असं तीच सुचवते. ऐकू नका, मोठ्या टेबलावर अख्खं क्लस्टर चाळत बसते.

डिलीटची गंमत वेगळीच. ओळ लगेच पुसली जात नाही, तिच्यावर टूम्बस्टोन, म्हणजे थडगं, बसतं आणि मूळ सेटिंगमध्ये ते किमान दहा दिवस हलत नाही. दहावा झाल्याशिवाय सुटका नाही, असं मी टीममध्ये सांगतो. कोणी विसरत नाही.

८ जीबीच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (एकाच मशीनवर वेगवेगळे कप्पे करून सॉफ्टवेअर चालवायचं साधन) कॅसँड्राचे तीन नोड, म्हणजे तीन सर्व्हर, लावायच्या फंदात पडू नका, एकावर शिका.

बिलं, जीएसटी आणि ड्रायव्हरांची उचल मी मायएसक्यूएलमधून हलवलीच नाही. मॉंगोला २०१८ च्या ४.० पासून अनेक डॉक्युमेंटांवरचं ट्रान्झॅक्शन (सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही) जमतं, मान्य. पण अकाउंट्सच्या काकूंना महिनाअखेरीला पाच टेबलं जोडलेली एक्सेल लागते, आणि त्यासाठी पाच-पाच लुकअप (मॉंगोतलं जोडकाम) लिहीत बसायची माझी तयारी नाही.